करारातल्या तीन ओळी

ब्लॉकचेनवर एकदा चढवलेला करार कोणालाही बदलता येत नाही. भर दुपारी, आरमोरीच्या घरी, रिंकू चार वर्षांपूर्वीच्या अशाच एका करारातला सांकेतिक मजकूर उलगडत होती. तिनं कमांड दिली. कंपनीचं नाव यायला हवं होतं.

ओळ आली ती घरच्या बोलीत: ‘बाबा मांगच्या दारानं आले.’

मागचं दार वाजलं. बाबा तर सकाळीच तळ्यावर मासे धरायला गेले होते.

तिनं पुढची ओळ उलगडली: ‘जाळं कोरडं हाय.’

“काऊन जी, जाळं तं कोरडंच हाय?” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

आता शेवटची ओळ: ‘आईले सांग, याले जेवाले वाढू नोको.’

“बसा जी,” आई म्हणाली, आणि ताट वाजलं.