हौसामावशींचा पट्टा

"लस न घेता माझ्या बाळाला हात लावता, मावशी?" शलाका कडाडली.

न्हाणीघरात हौसामावशी पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांवर शलाकाची तान्ही लेक हातपाय झाडत होती. "माझा नंबरच लागला नाही, ताई. मशीन म्हणतं, मी कुणाला भेटतच नाही."

शलाकाच्या डोक्यात तिडीक गेली. ते मशीन तिचंच होतं. प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा आसपासची माणसं मोजायचा आणि त्यावरून कोण किती साथ पसरवेल, याचा अंदाज शलाकाचं मॉडेल बांधायचं. ज्याचा आकडा मोठा, त्याला लस आधी. तिने फोनवर मावशींची नोंद उघडली. रोज सकाळभर एकट्या!

"घरोघरची बाळं न्हाऊ घालता ना? मग तुमचा पट्टा काय झोपा काढतो?"

"खिडकीत पडून असतो!" मावशींचाही आवाज चढला. "सगळ्या घरी काढूनच ठेवायला लावतात. तुम्हीच पहिल्या दिवशी ओरडलात ना, पट्टा काढल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही म्हणून?"

मनगटावरून निघाला की पट्टा बंद व्हायचा. आणि पट्टा बंद म्हणजे माणूस एकटा, असं मॉडेलमध्ये शलाकानेच धरलं होतं.

तिने लेकीला उचलायला झडप घातली.

"थांबा, अंगाला पीठ आहे अजून," मावशी खेकसल्या आणि मान वळवून पदरात खोकल्या.