सोड

"टाका वहिनी, आम्ही झेलतो," खालून पुन्हा आवाज आला, आणि तिने बाळाला आणखी घट्ट आवळलं.

ती दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी होती. मागच्या बंद दाराच्या फटीतून धूर येत होता. जिना तर केव्हाच धुराने भरला होता. खाली अंगणात शेजाऱ्यांनी पलंगावरची चादर ताणून धरली होती. चादरीच्या एका टोकाला तळमजल्यावरचे काका होते. यांच्या हातात चहाचा कप टिकत नाही, असं काकूच सगळ्यांना सांगायच्या. त्या हातांच्या भरवशावर तिने आपलं दहा महिन्यांचं लेकरू टाकायचं?

ती मुळातच धास्तावलेली आई. दूध गॅसवर उतू जायच्या आधी तिच्या मनात उतू जायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, सोड त्याला जमिनीवर, रांगू दे." नवरा म्हणायचा, "सोड गं जरा, मी काय पळवून नेतोय त्याला?" तिने कुणाचंच ऐकलं नव्हतं. एवढी शिकलेली बाई आणि एवढी भित्री, हे टोमणेही ती बाळासारखेच कडेवर घेऊन फिरायची.

तेवढ्यात बंब आला. दोन मोठ्या चाकांवर आडवी घातलेली लांबलचक शिडी त्याने मागे जोडून ओढत आणली होती. शिडी दिसली आणि तिच्या जिवात जीव आला.

पण बंब फाटकाशीच अडला. फाटक अरुंद होतं. माणसं धावत शिडीला भिडली, तरी शिडी जागची हलेना. बंबाच्या आड कुणीतरी वाकून काहीतरी ठोकत होतं. हे सगळे तिथे करतायत तरी काय? एवढी जवळ आलेली शिडी तिला बोटाने दाखवता येत होती, आणि तिचा उपयोग मात्र चित्रातल्या शिडीइतकाच होता.

धूर दाटला. चादर दिसेनाशी झाली. बाळाचं खोकणं थांबलं. त्याची मान तिच्या खांद्यावर कलली.

तिने त्याला हलवलं. त्याने डोळे उघडले नाहीत.

आता धुरात फक्त एक पिवळं हेल्मेट दिसत होतं आणि वर उचललेला एक हात. तो अधिकारी असावा. हेल्मेटच्या काठाखाली त्याचे डोळे दिसत नव्हते.

"सोड," तो गरजला. "भिऊ नकोस. मी धरलंय. सोड."

अनोळखी माणूस तिच्याशी एकेरीत बोलत होता. एरवी तिला राग आला असता. पण आज त्या एकेरीत तिला वडिलांचा आवाज ऐकू आला. असं आपलेपणाने दटावणारा माणूस उगाच बोलणार नाही. त्याला चादर दिसत असेल. त्याने अंदाज घेतला असेल.

तिने हात कठड्याबाहेर नेले आणि सोडलं.

खाली काय झालं ते दिसलं नाही. काही ऐकूही आलं नाही. रिकामे हात तसेच पुढे धरून ती उभी राहिली.

मग बाळ रडलं.

थोड्या वेळाने शिडी कठड्याला टेकली आणि तिला उतरवून घेतलं गेलं. काका चादरीवरच फतकल मारून बसले होते. बाळ त्यांच्या छातीशी होतं. "अहो, आता द्या तिचं तिला," काकू म्हणाल्या, तरी त्यांची मिठी सुटेना.

बाळाला घेऊन ती आधी त्या पिवळ्या हेल्मेटकडे गेली. तो बंबापाशीच होता. शेजारी एक ठेंगणा जवान सोललेली बोटं फुंकत उभा होता. त्याच्या हातात शिडीच्या हुकातून निघालेली वाकडी खीळ होती.

"तुम्ही 'सोड' म्हणालात, म्हणून सोडलं मी," ती म्हणाली. "नाहीतर माझा धीर झाला नसता. तुम्हाला खात्री होती ना?"

त्याने हेल्मेट काढलं. तिच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, मग मान वर करून गॅलरीकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई, तुम्हाला मी एकेरीत कशाला बोलेन?" तो म्हणाला. "शिडी सोड, असं याला सांगत होतो. मी वर पाहिलंच नव्हतं."