वरच्या मजल्यावरचा नळ

सुरेखाच्या स्वयंपाकघरात माना वर करून चौघं जण उभे होते. गॅसच्या बरोबर वर परातीएवढा गिलावा सुटून खाली आला होता, आतल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या, आणि ओल भिंतीवरून पार पिठाच्या डब्यांपर्यंत उतरली होती. त्या वेळी सुरेखा भाकरी थापत असती तर? प्रत्येकाची नजर छतावरून शेगडीवर अन् शेगडीवरून सुरेखावर जाऊन येत होती.

"नळ घराच्या आतला, म्हणजे जबाबदारी घराच्या मालकाची," चेअरमन सुंदररावांनी सांगून टाकलं. "सोसायटीचा ह्यात काई संबंध न्हाई."

"आमी कुठं नाही म्हणतो?" उत्तरेश्वर म्हणाला. वर राहणाऱ्या वत्सलाबाईंचा हा एकुलता एक मुलगा, फोन गेल्याबरोबर पुण्याहून गाडी काढून आला होता. "छत, रंग, वायरिंग, सगळं मी करून देतो. पण आईला आता इथं एकटं ठेवणार नाही. फ्लॅट भाड्यानं देतो अन् तिला उद्याच घेऊन जातो."

वत्सलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळून, पोटाला चिमटा घेऊन त्यांनी हे घर घेतलं होतं. आयुष्यात त्यांच्या एकटीच्या नावावर झालेली ही एकच वस्तू.

"मी नळ बंद केलता रे," त्या म्हणाल्या. "चांगला दाबून केलता. मी उघडा सोडतच न्हाई."

"आई, कुलूप तोडलं तेव्हा नळ पुरा उघडा होता. सुंदररावांनी स्वतःच्या हातानं बंद केला. अन् बेसिनच्या जाळीवर फडकं कुणी कोंबलं होतं?"

"ते मीच. झुरळं येत्यात म्हणून."

"मग? फडकं तुझं, अन् नळ उघडणारा दुसराच कुणी?"



वत्सलाबाई लग्नाला घाटनांदूरला गेल्या, तेव्हा तुळशीला पाणी घालायला चावी सुरेखाकडेच देऊन गेल्या होत्या. टाकी आठ दिवस कोरडी ठणठणीत होती. तांब्याभर तरी पाणी निघतंय का बघावं म्हणून तिनं वरचा नळ सोडला. नळ नुसता खोकला. आणि तो तसाच राहिला. ह्या बिल्डिंगीत बायकांची सवयच ती. पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून नळ उघडा ठेवायचा, खाली रिकामी कळशी लावायची. कळशी वाजली की पळायचं. एक वत्सलाबाई तेवढ्या असलं करत नसत. सुरेखाचा हात परक्या घरातही सवयीनं चालला, आणि त्याच दुपारी ती चकलांब्याला माहेरी निघून गेली. त्या रात्री टाकी भरली. वरचा नळ सकाळपर्यंत वाहिला.

ती परत आली तेव्हा नवरा जिन्यात उभा राहून ओरडत होता, "नळ सोडणाऱ्याला मी सोडणार न्हाई!" सगळी बिल्डिंग ऐकत होती. तेव्हा तिची जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी मग आणखीच जड झाली.

"दुसरी चावी कुणाकडं हाय का?" सुंदररावांनी विचारलं.

"सुरेखाकडं दिलती," वत्सलाबाई लगेच म्हणाल्या. "पण ती कावून उघडील नळ? तिचंच घर भिजलं की वो सगळं."

सुंदररावांना पटलं. उत्तरेश्वरलाही पटलं. दोघं बाहेर जिन्याकडं गेले, गवंड्याला फोन लावायला.

स्वयंपाकघरात दोघीच राहिल्या. वत्सलाबाईंनी सुरेखाचा हात धरला. त्यांचा तळवा गार पडला होता.

"पोरी, एकच सांग. तू तुळशीला पाणी घालाया गेलतीस, तवा आत डोकावली असशील. नळ बंद व्हता का गं? तू व्हय म्हण, मी त्याला सांगते. माझी सुरेखा खोटं बोलायची न्हाई म्हणते. मग तो न्हेणार न्हाई मला."

बाहेर उत्तरेश्वर फोनवर छताचं माप सांगत होता. सांगून टाकावं, आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं, असं सुरेखाला वाटलं. मग नवरा आठवला. तो जिना आठवला.

"ध्यानात न्हाई, मावशी," ती म्हणाली.

वत्सलाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. रागानं नव्हे, तसं काहीच नव्हतं त्यांच्या डोळ्यांत. त्यांनी हळूच हात सोडवून घेतला आणि कपाळावर टेकवला.

"मग माझंच डोकं गेलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "बरोबर बोलतो तो. उद्या गॅस उघडा ठेवीन, तर सगळ्यांना घेऊन मरीन मी."

"मावशी, तसं काई..."

"असू दे गं. तुझं लई नुकसान केलं मी. मनात ठेवू नकोस."

जायला वळल्या आणि ओट्यापाशी थबकल्या. सुरेखाचा नळ उघडा होता. टाकी पुन्हा कोरडी पडली होती, आणि नळाखाली रिकामी कळशी लावलेली होती.

वत्सलाबाईंनी तो नळ फिरवला. घट्ट होईस्तोवर दाबला, हात काढला, मग खात्री वाटेना म्हणून परत एकदा दाबून बघितला.

"बंद करत जा गं पोरी," त्या म्हणाल्या. "न्हाईतर माझ्यासारखं व्हतं."