एक माणूस कमी

बल्लारपूरच्या किल्ल्यात खुशाल गुरुजींनी शिट्टी वाजवली आणि विखुरलेली माणसं दरवाजाशी गोळा झाली. चौऱ्याऐंशी सालच्या ऑगस्टमधला रविवार होता. सकाळी चांद्याला गोंड राजांच्या समाध्या झाल्या, इंग्रजांच्या जेलचा फाशीचा पिंपळ झाला, आता हा किल्ला, शेवटी मार्कंड्याची देवळं. पाचला परत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजी दर रविवारी अशी सहल नेत. नावं लिहून घ्यायची पद्धत नव्हती. डोकी मोजायची आणि निघायचं.

आज बत्तीस डोक्यांची मोजणी मुलीकडे, सत्यशीलेकडे होती.

"शीला मोजते तं मी दुसऱ्यांदा नाई मोजत," ते ड्रायव्हर लहानूला म्हणाले.

"मंग सासरी बत्तीस माणसं असली तरी शीलाबाईले जड नाई जाणार, गुरुजी."

सत्यशीलेनं हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं. सहाला आरमोरीचे पाव्हणे तिला पाहायला येणार होते. आई, अंजनाबाई, तिला घरीच राहा म्हणत होती. गुरुजी म्हणाले, येऊ दे, पाचच्या आत आणतो. पाव्हण्यांना तिनं होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मार्कंड्याला वैनगंगा काठोकाठ भरून चालली होती. गुरुजी एकेका मूर्तीपाशी थांबत, दगडावर हात ठेवून बोलत. तीन वाजता शिट्टी झाली, माणसं गाडीत चढली. सत्यशीला मोजत मागच्या सीटपर्यंत गेली, मोजत परत आली.

"बाबा, एक माणूस कमी हाय."

कोण, तर पांढऱ्या टोपीचा म्हातारा, खाकी पिशवीवाला, ती म्हणाली. मागच्या सीटवरच्या शकुबाईला लगेच आठवलं. तो तिच्या शेजारीच बसला होता, सारखी बिडी ओढत होता. लहानूलाही आठवलं, सकाळी त्यानं खिडकीची जागा मागितली होती.

गुरुजी उतरले. शिट्टी देवळांभोवती फिरली, मग नदीकडे गेली. सत्यशीलेनं घड्याळ पाहिलं. साडेतीन. पुन्हा पाहिलं. पावणेचार. शिट्टी आता घाटावरून येत होती. मग ती येईनाशी झाली.

ती धावत गेली तेव्हा शेवाळलेल्या पायरीवर गुरुजींची एकच चप्पल होती.

गावातल्या मुखरू ढिवरानं मासेमारीचा डोंगा पाण्यात लोटला. गावातल्या माणसांच्या दोन टोळ्या झाल्या, एक गुरुजींसाठी, एक म्हाताऱ्यासाठी. दुसऱ्या टोळीला सत्यशीला आडवी गेली.

"म्हाताऱ्याले नका शोधू. सारे नदीवर चला. माह्या बापाले शोधा."

शकुबाईनं तिला बाजूला ओढलं. म्हणाली, बाई, तोही कोणाचा तरी बापच असन. सत्यशीला चिखलात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय धरत होती. तरीही अर्धी माणसं दिवस मावळेपर्यंत काठावरच्या झाडीत म्हाताऱ्याला हाका मारत राहिली. सहलीची माणसं मिळेल त्या गाडीनं आपापल्या घरी गेली.

गुरुजी तिसऱ्या दिवशी सापडले, दोन कोस खाली. शिट्टी गळ्यातच होती. आरमोरीचे पाव्हणे मातीला आले.

म्हातारा सापडला नाही.

विहारात लोक म्हणाले, गुरुजींनी अनोळखी माणसासाठी जीव दिला. अंजनाबाई ऐकून घेत होती. पुढच्या रविवारपासून ती म्हाताऱ्याचं घर शोधायला निघू लागली. मूलचा बाजार, चामोर्शीचा बाजार, घुग्घुसच्या खाणीवरची वस्ती. पांढरी टोपी, खाकी पिशवी, बिडी, खिडकीची जागा. लोक ऐकत, मान हलवत. तिचे गुडघे सुजले. सत्यशीला रात्री तेल चोळून द्यायची आणि म्हणायची, नको जाऊ.

वर्ष झालं. पुण्यानुमोदनाची वंदना आटोपली, माणसं जेवून गेली. अंजनाबाईनं लुगडं बदललं आणि पिशवी उचलली. गडचिरोलीकडचा एक म्हातारा मागच्या पावसाळ्यापासून बेपत्ता आहे, असं कोणी तरी तिच्या कानावर घातलं होतं.

"आजच्या दिवस तरी बस ना, माय."

"तुले बापाले माती तरी देता आली, शीला. त्याच्या घरीई एखादी पोरगी दाराकडे पाहत बसली असन. तिले कोण सांगन?"

अंजनाबाई भिंतीचा आधार घेत उंबऱ्यापर्यंत गेली. सत्यशीला उठली. तिनं आईच्या हातातून पिशवी काढून घेतली.

"त्या दिवशी गाडीत बत्तीसच्या बत्तीस होते, माय," ती म्हणाली. "मले फक्त घरी पोचाले उशीर पाह्यजे होता."