मेनूतलं शेवटचं बटण

चर्चच्या ॲपसाठी व्हॅलेंटाईनने डाव्या बाजूचा मेनू बनवला. बाप्तिस्मा, लग्न, मिस्सा आणि सगळ्यात खाली मयत. आता एकेक बटण दाबून तो तपासत होता. खोटी नावं सुचत नाहीत म्हणून घरातलीच टाकायची, ही त्याची सवय. बाप्तिस्म्याला मुलीचं नाव टाकलं, मयतीला पप्पांचं. पप्पा समोरच चहा पीत बसलेले.

त्यांचा चहा संपायच्या आत शेजारची पामेला आंटी रडत दारात आली आणि पप्पांना बघून किंचाळलीच. "अरे, तू तर गेलास ना? आत्ता मोबाईलवर आलं!"

व्हॅलेंटाईनने घाईघाईने स्क्रीन तपासला. मेनू टेस्टिंगच्या नाही, चालू ॲपलाच जोडला गेलेला. चर्चच्या घराघरात सूचना पोचली होती.

तेवढ्यात फोन वाजला. सबीना! पप्पा जिवंत असेपर्यंत या घरात पाय ठेवणार नाही, असं सांगून गेलेली त्याची बहीण. गडबडीत फोन स्पीकरवर लागला.

"मी मानपाड्याहून निघालेय," ती हुंदके देत होती. "मी येईपर्यंत पप्पांना नेऊ नका रे." आणि फोन बंद झाला.

तो तिला परत फोन लावायला गेला. पप्पांनी त्याचा हात धरला.

"थांब रे. तिला उंबऱ्याच्या आत येऊ दे. मग सांगू, मी जिवंत आहे ते."