आत बाईमाणूस हाय

कडब्याच्या गंजीतून पोतं निघालं तेव्हा बन्सीधर ओट्यावर शेंगा फोडत बसला होता.

वनरक्षक सिद्धोधननं पोत्याचं तोंड सोडलं. आत काळविटाचं कातडं आणि पिळाची शिंगं. कातडं अजून ओलं होतं.

"गंज तुमचीच ना, काका?"

"गंज माझी. पोतं माझं न्हाई."

"आमाला फोन आला. नाव तुमचंच सांगितलं."

"फोन करणाऱ्यानं जीपचा नंबर न्हाई सांगितला?"

सिद्धोधननं पोत्याचं तोंड परत बांधलं. त्याला इथं येऊन दोनच महिने झाले होते. तरी गावच्या बड्या दत्तरावाची जीप, तिच्या टपावरचा शिकारीचा मोठा दिवा आणि कालच्या मटणाच्या पंगतीला कोण कोण जेवलं, एवढं त्यालाही कळलं होतं. पंच म्हणून यायला चुडावा गावातलं एकही माणूस तयार झालं नाही. कायदा दत्तरावाच्या दारावरून जातो तेव्हा मान खाली घालून जातो. त्याला गावाच्या टोकाचं, बिनलेकराचं घर लागतं. एकतीस वर्षं रेल्वेत गँगमन म्हणून राबलेला एकटा म्हातारा त्याला बरोबर दिसतो.

"घराची झडती घ्यावी लागंल."

"घ्या की."

घ्यायला होतं काय? चूल, पालथं घातलेलं एक ताट, वाटीत भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ. आतल्या खोलीचं दार तेवढं ओढून घेतलेलं. सिद्धोधननं कडीला हात घातला.

"कोण आलंय?" आतून बाईचा आवाज आला. बारीक, कापरा.

त्यानं हात मागं घेतला.

"कुणी न्हाई, कस्तुरे. सरकारी माणूस हाय," बन्सीधर म्हणाला. मग दाराला पाठ लावून उभा राहिला. "आत बाईमाणूस हाय. जायचं न्हाई."

"काकू आजारी हायत का?"

"बाहीर येत न्हाई ती."

"अवो, चहा ठिवू का?" आतून आवाज.

"नको काकू, असू द्या." सिद्धोधन ओशाळला. दाराच्या फटीतून जांभळ्या लुगड्याचा काठ दिसत होता. त्यानं नजर खाली घातली.

चहा बन्सीधरनंच ठेवला. "तिच्यानं हुत न्हाई," तो म्हणाला. "पण इचारल्याबिगर ऱ्हावत बी न्हाई."

दोघं ओट्यावर बसले. चहा गोड होता.

"काका, मी कुणाला सोडत न्हाई," सिद्धोधन म्हणाला. "गेल्या महिन्यात ससे धरायची वाघरीची जाळी जाळली, बाजारातले, घरातले पोपट सोडवले, घोरपडीचं तेल इकणारा धरला. बारकं-मोठं बघत न्हाई. पण हे तुमचं काम न्हाई, ते दिसतंय मला. ती खोली तेवढी बघू द्या. काही निघालं न्हाई तर लिहितो की पोतं कुणीतरी आणून टाकलं. तुमी मोकळे."

बन्सीधरनं अर्धा कप खाली ठेवला.

"आन् न्हाई बघू दिली तर?"

"मग संशय पक्का. उद्या बाईपोलीस घिऊन येतो. दार उघडावंच लागंल."

स्टेशनात नांदेडकडची गाडी येऊन थांबली आणि निघून गेली. कुणी उतरून या वाटेनं आलं नाही. कधी येतही नव्हतं.

"मग लिहा," बन्सीधर म्हणाला. "म्याच मारलं."

"कशानं मारलं?"

"दगडानं."

"पळतं काळवीट? दगडानं?"

"म्हातारं होतं."

"कातड्याला गोळीचं भोक हाय, काका."

"मग गोळीनं."

"बंदूक कुठाय?"

"नदीत टाकली."

सिद्धोधननं वही मिटली. "काका, ही थट्टा न्हाई. काळविटाला कमीत कमी तीन वर्षं हायत, जास्तीत जास्त सात. वय किती तुमचं?"

"एकाहत्तर."

"सात वर्षांनी काकू तरी ऱ्हातील का?"

"ती ऱ्हाईल. लय जगणारी हाय." बन्सीधर पहिल्यांदा हसला. "मी सुटून आलो की बोलंल माझ्याशी. दुसरं कोण बोलतंय मला?"

"पाया पडतो तुमच्या. एकदा दार उघडा."

"कबूल केल्यावर झडती हुत न्हाई ना?"

"पोतं सापडलं, कबुली मिळाली. मग झडती कशाला?"

"मग आण ती वही."

सिद्धोधननं साहेबांना फोन लावला. म्हातारा खोटं बोलतोय, असं तो म्हणणार होता. पण कबुलीचं ऐकताच साहेबांचा आवाज एकदम मोकळा झाला. "छान. सही घे आणि आण त्याला." दत्तरावाचा फोन तिथंही पोचला असणार. सिद्धोधननं वही पुढं केली. बन्सीधरनं पगाराच्या कागदावर करायचा तशी सावकाश सही केली.

शेजारची बायनाबाई दारात येऊन उभी राहिली होती. बन्सीधरनं तिच्या हातात किल्ली दिली.

"बायना, हिच्याकडं बघ. दार लावून घेत जा, मांजर शिरतंय."

"बघते, दादा."

"आन् रोज बोलत जा तिच्याशी. न्हाईतर इसरंल."

"काकूला सांगा, काका येतील लवकर," सिद्धोधन म्हणाला.

बायनाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग पदर ओठावर ओढला.

मोटारसायकल निघाली. पुढं सिद्धोधन, मध्ये पोतं, मागं बन्सीधर. वळणापर्यंत तो घराकडं मान वळवून बघत होता.

धूळ बसली तशी बायनाबाई घरात आली आणि पेरू चिरून आतल्या खोलीत गेली. भिंतीवर कस्तुराबाईचा फोटो होता, त्यावरचा हार कधीचाच वाळलेला.

"अवो, जेवलात का?" लुगड्याखालून आवाज आला.

बायनाबाईनं जांभळं लुगडं वर सारलं आणि पिंजऱ्याच्या गजांतून पेरूची फोड आत सरकवली.