पासिंग झालेली गाडी

“बैल इकताना त्यानी खोड सांगनी पडस, बेटा,” पुष्पाबाई सुनेला म्हणाल्या होत्या.

योगिताला हसू आलं होतं. “आई, बैल नाही, मोटारसायकल विकतोय आपण. आणि आरटीओने पास केलीय तिला.”

आता ती सुरतेच्या उधन्यातल्या बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये, बाळाला कडेवर घेऊन उभी होती आणि गिऱ्हाईक गाडीभोवती फिरत होतं. संदीप त्याचं नाव. शिरपूरकडचा, कडोदऱ्याला लूमवर कामाला. सोबत बायको चंचल आणि फ्रॉकातली लहानशी पोरगी. गाडी निळी, उंच, डोंगरदगडांतून चालवायची. पंधरा वर्षांची म्हातारी. कंपनीनेही ती बनवायचं कधीच बंद केलेलं. नवरा, गोपाल, तिच्यावरून इच्छापोरला कामाला जायचा आणि तो परत येईपर्यंत योगिताचा जीव टांगणीला लागलेला असायचा. विकून टाका, हा धोशा तिनेच लावला होता.

“पासिंग झालंय ना, भाऊ?” संदीपने विचारलं.

“परवाच झालं. आता पाच वर्षं कुणी हात लावायचं नाही,” गोपाल म्हणाला.

पहिल्या वेळी गाडी नापास झाली होती, ते तो बोलला नाही. हॉर्न वाजत नव्हता, मागचा दिवा लागत नव्हता, चाकाचे आरे ढिले होते आणि पुढच्या शॉकअपमधून तेल गळत होतं. बाकीचं सगळं एका दुपारीत झालं. शॉकअपचं सील मात्र अख्ख्या सुरतेत मिळेना. मिस्त्री म्हणाला, या जुन्या गाड्यांचं हे दुखणंच आहे. तेल खाली ब्रेकच्या चकतीवर उतरतं, मग ब्रेक धरत नाही.

दुसऱ्या तपासणीला योगिता सोबत गेली. साहेब दोन गाड्या पुढे होते, तेव्हा तिने पिशवीतून बाळाचं धुतलेलं दुपटं काढलं आणि शॉकअपचा दांडा वरपासून खालपर्यंत पुसला. चकतीही पुसली. दुपटं घडी घालून परत पिशवीत. साहेबांनी वाकून पाहिलं. सगळं कोरडं होतं. “छोकराने छांयडे लई जाव, बेन,” ते म्हणाले. बाळाला सावलीत न्यायला सांगणारा माणूस तिला तेव्हा देवासारखा वाटला होता.

संदीपने गाडी चार पावलं ढकलली, ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. “बराबर,” तो म्हणाला.

चंचल योगिताजवळ आली. बाळाच्या पायाला हात लावत तिने हळूच विचारलं, “वहिनी, तुम्ही बसायच्या ना हिच्यावर? बाळाला घेऊन?”

गोपालने मान वर केली.

“बसायचे ना,” योगिता म्हणाली.

बाळ झाल्यापासून ती त्या गाडीवर एकदाही बसली नव्हती. गोपालला बसू देताना तिने नवस बोलले होते.

“मग काही नाही,” चंचल म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “आमचे हे गाडीचं काय बघणार, नुसता रंग बघतात.”

“रंगच बघून तुला केली,” संदीप म्हणाला. सगळे हसले. योगिताही हसली.

जिन्यात पुष्पाबाई उभ्या होत्या. “भाऊ, त्या गाडीनं...” त्यांनी सुरुवात केली.

“माय, तू वर जाय,” गोपाल म्हणाला. त्या वर गेल्या नाहीत. तिथेच पायरीवर बसल्या.

चंचलने चाकाखाली लिंबू ठेवलं. “वहिनी, कुंकू तुमच्या हातानं लावा. घरातून गाडी निघतेय.” योगिताने हेडलाइटवर बोट टेकवलं. संदीपने पोरीला उचलून टाकीवर बसवलं. “ही माझी क्लीनर,” तो म्हणाला. पोरीने दोन्ही हातांनी आरशांच्या दांड्या धरल्या. चंचल मागे बसली. लिंबू चिरडलं आणि गाडी फाटकाबाहेर गेली.

पुढचं चाक उभं होतं तिथे फरशीवर तेलाचा रुपयाएवढा डाग होता. ओला.

योगिताने तिथूनच फोन लावला, मग पुन्हा पुन्हा लावत राहिली. तो उचलला गेला संध्याकाळी.

“संदीपभाऊ, पुढचं तेल गळतंय. ब्रेक धरणार नाही. पोरीला बसवू नका हिच्यावर.”

तो मोठ्याने हसला. “काय वहिनी, दुसरं गिऱ्हाईक आलं का जास्त देणारं? कागदावर पास लिहिलंय ना. आता नाय भेटणार गाडी.”

“तसं नाही हो, मी स्वतः पुसलं होतं...”

फोन बंद झाला होता. त्यानंतर तिचा फोन त्याला लागतच नाही. गोपाल म्हणतो, विकली, विषय संपला. तो आता कंपनीच्या बसने जातो, वेळेवर घरी येतो. तरी ती दारात उभी असते.

खाली दूधवाला आला, कुणाचा भाऊ बारडोलीहून आला, की योगिता विचारते, कडोदऱ्यावरून आलात का. तुम्हीही कधी त्या बाजूला जाणार असाल, तर लूमच्या गल्ल्यांत जरा नजर ठेवा. निळी, उंच गाडी आहे, हेडलाइटवर कुंकू असेल. संदीप म्हणतात त्याला. गाडी दिसली, तर पुढच्या दांड्यावरून बोट फिरवून त्याला दाखवा. तुमचं तो ऐकेल. पोरगी टाकीवर बसलेली असेल, तर आधी तिला उतरवून घ्या.

आणि नसेल बसलेली, तर ती कुठे आहे, तेवढं विचारा.